तिसऱ्या टप्प्यातलं गाव

अमरावती
१२ जून २०२२

माया वहिनी,

जय भीम. पाकिटात नेहमीसारखे दोन कागद आहेत. पांढरा आईचा. तो अंगणात बसून मोठ्याने वाचायचा, म्हणजे पलीकडच्या गल्लीलाही कळेल की चतुराबाईच्या लेकाचं पत्र आलं. हा पिवळा फक्त तुमचा, तो मनात वाचा.

फोन असताना पत्रं कसली लिहिता म्हणून प्रियदर्शनी मला रोज चिडवते. मी बायकोला सांगितलं, आमच्या आईला फोनवरचं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यावर तिचा विश्वास बसत नाही. कागद उशाखाली ठेवता येतो. शिवाय ऑफिसचं काही व्हॉट्सॲपवर लिहिलं की दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर असतं, आणि आज मला ऑफिसचंच लिहायचं आहे.

आमच्या वाघदरा पाणी व वीज प्राधिकरणाचा तीस वर्षांचा आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं आहे. कुठल्या गावाला पाणी कधी जाईल, धरणाच्या पायथ्याशी वीज किती तयार होईल, सगळं २०५२ सालापर्यंतचं. साहेब म्हणाले, खारपाणपट्ट्यातली गावं घे. मी पहिलं नाव आपल्या पळसखेडचं लिहिलं. दादाला अकोल्याला किडनीच्या मशीनवर नेत होतो तेव्हा गाडीत त्याचा हात धरून मी बोललो होतो, की गावात गोडं पाणी आणीन. तुम्ही समोरच्या सीटवर होता. तुम्हाला आठवत असेल.

आता मुद्द्याचं. ग्रामसभेचा ठराव लागतो आणि टाकीसाठी रस्त्याला लागून सरकारी जागा लागते. गावात तशी जागा एकच आहे, ती म्हणजे तळं. कपाळाला आठ्या पडल्या ना? तळ्यामुळे विहीर गोड राहते हे मला सांगू नका, त्याच विहिरीचं पाणी पिऊन मी इंजिनिअर झालो. पण ती विहीर होळीपर्यंतच पुरते. होळीनंतर मृगापर्यंत सगळं गाव बोअरचं खारं पितं, आणि दादाला त्या खाऱ्या पाण्यानेच नेलं. तुमच्या घरात बारमाही नळ येणार असेल तर ती आठ महिन्यांची विहीर काय कामाची? तळं बुजवायचा मुरूम आमचा, टाकी आमची, नळ आमचे. गावाने फक्त हात वर करायचे.

सभेत आईला घेऊन जा. ती बोलली की गाव ऐकतं.

तुमचा
ललित


पळसखेड
७ जुलै २०२२

ललित भाऊजी,

जय भीम. तुमचा पांढरा कागद वाचला. त्यात तुम्ही जिलेबी खाल्ल्याचं लिहिलं होतं, ते आईंनी मला दोनदा वाचायला लावलं. पिवळा मी अंगणवाडीत मुलं झोपल्यावर वाचला.

ग्रामसभा झाली. सरपंच सहदेवभाऊ आधी काही ऐकायला तयार नव्हते. त्यांची मेथी आणि झेंडू तळ्याच्या पाण्यावर उभा असतो. ते म्हणाले, "तळं गेलं त वीर गेली. हे लहान पोट्ट्याले बी समजते. नळ आला नाई त काय पेसान, मुरूम?" बरेच लोक त्यांच्या बाजूने झाले. माझ्याही मनात आलं, आपल्या लोकांनी तळ्याच्या पाण्यासाठी महाडपर्यंत जाऊन मार खाल्ला, आणि आपण हातचं तळं बुजवायला निघालो. पण मी गप्प बसले, कारण तुमच्या भावाचं शेवटचं वर्ष मी पाहिलं आहे.

मग आई उठल्या. समोर सहदेवभाऊंची आई, पार्बताबाई बसली होती. आईंनी तिच्याकडे बोट केलं. म्हणाल्या, "हे पार्बता विरीवर वरून पानी वतत जाय, अन् मी खालून घागर धरत जाव. शिवलं त वीर बाटन म्हने. मी नवी नवरी होती तवा. तिचं मन झालं त घागर भरे, नाई त उनात उभी राहाय मी. आता कोनी तसं करत नाई, खरं हाय. पन मले मराच्या आंधी माह्या आंगनात तोटी पाह्यजे. माही तोटी, माहा हात, मी पाह्यजे तवा खोलन. माहा लेक तिथं मोठ्या हापिसात हाय, तो सांगून राहिला नळ येते म्हनून. द्या तळं."

पार्बताबाई खाली बघत होती. मग तिनेच पहिला हात वर केला. तिचा हात वर गेल्यावर सहदेवभाऊ काय बोलणार?

एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. सहदेवभाऊंनी ठरावात एक अट घालायला सांगितली होती, की नळाला पाणी आल्यावरच तळं बुजवावं, त्याआधी नाही. ग्रामसेवकाने ती लिहिलीसुद्धा. आईंना राग आला. "माह्या लेकाच्या बोलन्यावर अट कायले?" अट खोडली. मला ते आवडलं नाही भाऊजी, पण भर सभेत सासूच्या पुढे सून किती बोलणार?

तुमच्या शब्दावर गावाने तळं दिलं आहे, एवढं लक्षात ठेवा.

तुमची वहिनी
माया


अमरावती
२८ जुलै २०२२

वहिनी,

ठराव मिळाला. आईचं भाषण मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. एका मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब म्हणाले, ललित, ही बाई आपल्या प्रस्तावात पाहिजे.

अट खोडली हे फार चांगलं झालं. अट असती तर आमच्या अध्यक्षांनी फाईल बाजूला सरकवली असती. अटी घालणाऱ्या गावांचं तिकडे काही होत नाही. सहदेवभाऊंना माझा नमस्कार सांगा आणि झेंडू पुढच्या वर्षी नळाच्या पाण्यावर लावा म्हणावं.

फोटो काढायला माणूस पाठवतो. आईला ती निळी नऊवारी नेसवा, दादाच्या लग्नातली.

ललित


पळसखेड
१९ नोव्हेंबर २०२३

ललित भाऊजी,

जय भीम. पांढऱ्या कागदावर तुम्ही दर महिन्याला येतो येतो लिहिता आणि येत नाही. टाकी बांधून झाली तेव्हापासून तुम्ही गावात पाऊल ठेवलेलं नाही. आई म्हणतात कामं असतील. मी काही म्हणत नाही.

उन्हाळ्यात तळं बुजवलं. ट्रॅक्टर लागले, मुरूम आला, त्यावर टाकी उभी राहिली, घरोघर नळही लागले. आपल्या अंगणातली तोटी आई रोज सकाळी राखेने घासतात. मग उघडतात, थोडा वेळ हात खाली धरून बसतात आणि बंद करतात. तुमच्या माणसाने फोटो काढला तेव्हा बाहेरून आणलेल्या कॅनचं पाणी नळीने तोटीत सोडून काढला होता. ते वाहतं पाणी बघून आई इतक्या हसल्या की नऊवारीचा पदर सुटला.

आता वाईट बातमी. विहीर बिघडली. या पावसाळ्यात तळंच नव्हतं, पाणी साचलं नाही, रस्त्याने वाहून गेलं. दसऱ्याच्या आसपास अंगणवाडीत डाळ शिजेना. तासभर उकळली तरी दाणे टणक. आई म्हणाल्या डाळच जुनी असेल. मग घरच्याही डाळीचं तसंच झालं, मग साबणाला फेस येईना, आणि दिवाळीच्या आधी पाणी तोंडात धरवेना. पूर्वी होळीनंतर जे पाणी प्यायचो ते आता दिवाळीत पितो आहोत. सहदेवभाऊंच्या मेथीची पानं कडेने जळली. ते घरासाठी दर्यापूरहून कॅन विकत आणतात. सगळ्यांना ते परवडत नाही.

बायका हापशावर भेटतात तेव्हा विचारतात, "काहून वं माया, तुहा दीर काय म्हनते?" मी काय सांगू ते लिहा. गोलमाल नको. तारीख लिहा.

माया


अमरावती
१४ जानेवारी २०२४

वहिनी,

हा पिवळा कागद वाचून चुलीत घाला.

आधी गोड बातमी. आराखडा मंजूर झाला आणि मला बढती मिळाली. आता केबिनला माझ्या नावाची पाटी आहे. प्रियदर्शनीने पेढे वाटले.

तुम्ही तारीख विचारली. इतरांना मी फिरवतो, तुम्हाला फिरवणार नाही, कारण तुम्ही समजदार आहात. धरणाचं पाणी वरूडच्या बाजूला सोडलं की ते उंचावरून पडतं, पडताना वीज देतं आणि पुढे संत्र्याच्या बागांना आणि तिकडच्या गावांना जातं. तेच पाणी आपल्याकडे आणायचं तर मधला चढ आहे, पंप लावून चढवावं लागतं. म्हणजे तिकडे जाणारं पाणी वीज देतं आणि इकडे येणारं वीज खातं. बैठकीत या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या. खारपाणपट्टा तिसऱ्या टप्प्यात गेला. तिसरा टप्पा २०४५ नंतर.

तुम्ही विचाराल, मग तळं कशाला बुजवलं? त्याचं असं आहे, की कर्ज देणारी बँक नुसत्या वरूडच्या संत्र्यांसाठी हात सैल सोडत नव्हती. तिला किडनीचे पेशंट असलेली गावं पाहिजे होती. ठराव झालेली, टाक्या उभ्या असलेली. ती आम्ही दाखवली. दादाची सगळी केस मी स्वतः भरल्या हॉलमध्ये पडद्यावर मांडली, अगदी वॉर्डातल्या फोटोसकट. आराखड्याच्या मुखपृष्ठावर आपल्या आईचा फोटो आहे, तोटीखाली ओंजळ धरलेला. फार सुंदर आला आहे. मी तो केबिनमध्ये लावणार आहे.

रागावू नका. तीस वर्षांचं काम करताना कोणीतरी पहिलं असतं, कोणीतरी शेवटचं असतं. मी नसतो तर दुसऱ्या कोणी हेच केलं असतं आणि आईचा फोटोही आला नसता. मी सध्या गावात येत नाही, लोक अंगावर येतील. आईला यातलं काही कळू देऊ नका, ती खचेल. तिच्यासाठी पांढरा कागद लिहिला आहे, तो तसाच वाचा.

ललित

(पांढरा कागद)

आई, तुला जय भीम. तुझ्या नळाचा पाइप निघाला. वरूडहून ट्रकवर चढवताना मी डोळ्यांनी पाहिला. आता वाटेत आहे, जरा धीर धर. थंडीत कान बांधून झोप. तुझा बाबू.


पळसखेड
२ जून २०२४

भाऊजी,

इतके महिने लिहिलं नाही. लिहायला बसले की हात थांबायचा. तुमच्या भावाचा वॉर्डातला फोटो तुम्ही हॉलभर माणसांना दाखवलात, तो फोटो मी काढला होता. घरी पाठवायला काढला होता.

तुमचा पांढरा कागद मी वाचला, कारण आईंचा चेहरा समोर होता. त्याचं काय झालं ते ऐका. दुसऱ्या दिवसापासून आई फाट्यावर जाऊन बसायला लागल्या. वरूडचे ट्रक अकोल्याकडे जातात ना, ते तिथे चहाला थांबतात. आई काठी टेकत प्रत्येक ट्रकपाशी जायच्या आणि ड्रायव्हरला विचारायच्या, "बापा, पळसखेडचा पाइप हाय का रे याच्यात?" ड्रायव्हर संत्री दाखवायचे. एकाने त्यांना दोन संत्री दिली. त्या घरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, पाइप मागच्या ट्रकमध्ये असेल. हे सगळा उन्हाळा चाललं. गावातली पोरं त्यांच्या मागे "पाइप आला, पाइप आला" ओरडत पळायची. आता त्या फाट्यावर जात नाहीत.

गाव त्यांना तोंडावर काही बोलत नाही. फक्त त्या आल्या की बायकांचं बोलणं थांबतं. सभेत अट कोणी खोडायला लावली, ते कोणी विसरलेलं नाही.

आता एक मागणं आहे. स्वतःसाठी मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. आपल्या गल्लीत एक म्हातारी आहे. तिच्या पायांना सूज आली, मग तोंडावर आली. माझी लेक दीपमाला अकोल्यात जुन्या शहरात खोली करून राहते, नर्सिंग शिकते, तुम्हाला माहीत आहेच. तिने त्या म्हातारीला दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले दोन्ही किडन्या जात आल्या, लवकर मशीनवर घ्या, आणि खारं पाणी एक घोटसुद्धा नको. म्हातारी मशीनवर यायला तयार नाही. तिने मला शपथ घातली आहे की तिचं नाव तुम्हाला कळवायचं नाही. म्हणून नाव लिहीत नाही. पण तुम्ही पळसखेडचे आहात, विचार केलात तर कळेल.

तुमच्या प्राधिकरणाचा एक टँकर आठवड्यातून एकदा गावात येईल असं करा. आणि ते जमत नसेल तर तुम्ही स्वतः या. तुम्ही समजावलं तर ती मशीनवर जायला तयार होईल. ती दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाही.

माया


अमरावती
३० जून २०२४

वहिनी,

उत्तराला उशीर झाला, नव्या जलविद्युत केंद्राचं भूमिपूजन होतं. मंत्रीसाहेब आले होते.

तुमची म्हातारी मी लगेच ओळखली. तोंड सुजलं तरी नाव कळू न देण्याचा ताठा आपल्या गावात एकाच बाईत आहे. पार्बताबाईला माझा निरोप सांगा, की विहिरीवर वरून पाणी ओतताना तुझा हात आखडायचा, आता तुझ्या वेळेला माझा आखडतो. हे गमतीने लिहितो आहे, तिला सांगू नका. पण मी समजावलं तर ती ऐकेल हे तुम्ही कशावरून म्हणता? तिने कधी आमच्या घरच्या कपात चहा घेतला का?

टँकरचं जमणार नाही. आमच्या कागदावर पळसखेडची टाकी पूर्ण, नळ पूर्ण असं आहे. टँकर पाठवला की तिथे पाणी नाही असं आम्हीच लिहून दिल्यासारखं होतं, आणि बँकेची माणसं दिवाळीनंतर तपासणीला येणार आहेत. एका म्हातारीसाठी मी सगळ्या आराखड्याला भोक पाडू का?

तुम्हाला राग येईल, पण स्पष्ट सांगतो. त्या वयात माणसाला काही ना काही होतंच. पाण्याची पुढची मागणी काढताना आम्ही दर वर्षी मरणारी माणसं आधीच वजा करतो. २०४५ ला तुमच्या नळाला पाणी येईल तेव्हा त्या म्हातारीचा हंडा त्यात धरलेलाच नाही. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, सगळीकडे असंच करतात. आणि मशीनवर बसवून तरी काय मिळणार? दादा तरुण होता, त्याच्यासाठी धावपळ करण्यात अर्थ होता. या वयाला मशीन लावणं म्हणजे दीपमालाची परीक्षा बुडवणं आणि घरच्यांना दवाखान्याच्या दारात झोपवणं. म्हातारीला घरीच ठेवा, खाऊपिऊ घाला आणि सोडून द्या. तिचे लेक-नातू बघतील. प्रत्येक म्हातारीचं ओझं तुम्ही का घेता?

आईचा पांढरा कागद सोबत आहे. तिची तब्येत कशी आहे ते तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

ललित

(पांढरा कागद)

आई, जय भीम. पाइप अकोल्यात येऊन पडला आहे. पाऊस संपला की टाकायला घेतील. दिवाळीला मी गाडी घेऊन येतो आणि तुला अमरावतीला आणतो. खोली रंगवून ठेवली आहे. तुझा बाबू.


पळसखेड
११ ऑगस्ट २०२४

ललित,

आज तुम्हाला भाऊजी लिहावंसं वाटत नाही.

तुमचं पाकीट आलं तेव्हा आई अंगणात बाजेवर पडल्या होत्या. आता त्या उठत नाहीत. शेजारी पार्बताबाई बसली होती. ती ठणठणीत आहे. सहदेवभाऊ जो कॅन आणतात त्यातलं तांब्याभर गोडं पाणी पदराखाली झाकून ती रोज सकाळी आपल्याकडे येते. आईंना मान उचलवत नाही, म्हणून ती त्यांच्या तोंडात वरून थोडं थोडं ओतते. आईंच्या घशाखाली तेवढंच गोडं पाणी जातं. तिने आपल्या घरचा चहाही घेतला आहे. तुम्हाला कळवलं नाही, कारण तोवर तुम्ही विचारलं नव्हतं.

मी पांढरा कागद वाचला. वाचून झाल्यावर आई म्हणाल्या, "अन् तो दुसरा?" मी म्हटलं दुसरा कोणता? त्या म्हणाल्या, "मी अडानी हाव, बहिरी बी हाव, पन आंधळी नाई. दर खेपेले पाकिटातून दोन निंगतात. पिवळा तू पोलक्यात घालतं. आज तो वाच."

मला खोटं वाचता आलं असतं. इतकी वर्षं तुमच्या पांढऱ्या कागदात मी माझ्या पदरची वाक्यं घालत आले. तुम्ही औषधाचं विचारायला विसरलात तर मी विचारलं. तुम्ही आठवण काढायला विसरलात तर मी काढली. त्यांनी उशाखाली ठेवलेली निम्मी माया माझी आहे. या वेळी मी एक शब्द बदलला नाही. तुमची गंमतसुद्धा वाचली, पार्बताबाईच्या समोर. वजाबाकी वाचली. सोडून द्या, हेही वाचलं. मग आईंनी विचारलं म्हणून आधीचंही सगळं सांगितलं, तिसरा टप्पा, बँक, मुखपृष्ठ आणि तुमच्या भावाचा फोटो. वाचताना मला तुमची दया आली नाही. त्यांचीही आली नाही. हे मी का केलं ते मला माहीत आहे आणि त्याचा मला पस्तावा नाही. तुम्ही जे लिहिलं ते ज्या माणसाबद्दल लिहिलं त्याने ऐकायला हवं होतं.

पार्बताबाई उठून गेली. मला वाटलं आता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या घेऊन आली.

खाली आईंनी सांगितलेलं लिहिते आहे. जसं बोलल्या तसं.

माया


बाबू,

मायाले म्हनलं, मी बोलन तसंच लिव, तुही शाळेतली भाषा नोको घालू.

तुहे दोनी कागद आयकले. ते म्हातारी पार्बता नाई. ते मी हाव.

माया लिवतानी रडून राहिली. मी नाई रडली. मी लय इचार केला. तुहं गनित बराबर असन. तू लहानपनापासून हुशार, मास्तर म्हनत जाय. तुहा दादा धर्मपाल गेला तवा मी मनाशी म्हनलं, एक गेला, पन एक हाय, तो पानी आनन. म्हनून सभेत मीच उठली. अट बी मीच खोडाले लावली. गावाचं तळं मी बुजवलं, तू नाई. तू दूर होता.

फाट्यावर मी पाइप पाहाले जात जाव, त्याचं तुले काई वाटू देऊ नोको. तेवढे दिवस बरे गेले.

मशीनवर मी जात नाई. तू लिवलं तसंच करून राहिली. घरीच हाव. खाऊन पेऊन हाव. दीपमालाची परीक्षा बुडत नाई.

माहा फोटो तुह्या हापिसात लावला म्हनते माया. राहू दे. त्यातलं पानी कॅनचं होतं, हे कोनाले सांगू नोको, तुही नोकरी जाईन.

तोटी मी आता घासत नाई. हात उचलत नाई. माया घासते का नाई ते मी पाहात नाई.

तू दिवाळीले गाडी घेऊन येतो म्हनतं. यायचं असन त ये. पोराले कोनी दारातून वापस करत नाई. फकस्त येतानी आपल्या पान्याची बाटली संग आनजो. आपल्या घरचं पानी तुले सोसनार नाई.

तुही माय
चतुराबाई